उलटा फिरला, म्हणून भौतिक?

अंबडच्या एका शाळेतली सातवीची एक उत्तरपत्रिका काही दिवसांपूर्वी आमच्या पाहण्यात आली. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी उत्तरपत्रिका महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत सापडेल. प्रश्न नेहमीचाच होता: 'पुढील बदलांचे भौतिक व रासायनिक असे वर्गीकरण करा.' बर्फ वितळणे, लाकूड जळणे, लोखंड गंजणे वगैरे सहा बदल दिले होते. सहावा बदल होता 'हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होणे'. मुलीने उत्तर लिहिले होते, 'रासायनिक'. एवढ्यावर ती थांबली असती तर तिला गुण मिळाला असता की नाही, कोणास ठाऊक. पण तिने पुढे आणखी एक ओळ लिहिली होती: डागावर लिंबू पिळले की तो परत पिवळा होतो, हे मी घरी करून पाहिले आहे. शिक्षकांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढून लिहिले होते, 'परत होतो, म्हणजे भौतिक', आणि अर्धा गुण कापला होता.

अर्धा गुण ही काही मोठी गोष्ट नाही. परंतु या अर्ध्या गुणात काय काय गेले ते पाहू. मुलीचे उत्तर बरोबर होते. तिने घरी प्रयोग केला होता आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले होते. विज्ञानाच्या शिक्षकाने यापेक्षा अधिक काय मागावे? आणि नेमका तो प्रयोगच तिच्या विरुद्ध पुरावा ठरला. घरी करून पाहिले नसते, तर 'परत होतो' हे तिने लिहिलेच नसते. पुढच्या वेळी ती करून पाहील का, आणि पाहिले तरी लिहील का, याची आम्हाला शंका वाटते.

दोष त्या शिक्षकांचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. साठ उत्तरपत्रिका, हाताशी नमुना उत्तरे, आणि डोक्यात आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेला तो दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे 'भौतिक बदल: तात्पुरता, उलट करता येतो, नवा पदार्थ तयार होत नाही'. उजवीकडे 'रासायनिक बदल: कायमचा, उलट करता येत नाही, नवा पदार्थ तयार होतो'. 2017 साली आलेल्या सातवीच्या 'सामान्य विज्ञान' या पुस्तकात 'बदल : भौतिक व रासायनिक' असा स्वतंत्र पाठ आहे, आठवीत 'रासायनिक बदल व रासायनिक बंध' येतो. आमचे भांडण कोणा एका पुस्तकाशी नाही. पुस्तके बदलतात, तक्ता मात्र गाईडांतून, प्रश्नपेढ्यांतून आणि फळ्यावरून पिढ्यान् पिढ्या तसाच चालत येतो. या लेखात आम्ही त्या तक्त्याची परीक्षा घेणार आहोत. त्यासाठी लागणारी सगळी सामग्री अंबड तालुक्यात, घरात आणि शेतात, मिळते.

'उलट होणे' ही कसोटी

तक्त्यातल्या तीन ओळींपैकी खरी व्याख्या एकच: नवा पदार्थ तयार झाला की नाही. बाकीच्या दोन ओळी या व्याख्येच्या सोबतीला आल्या आणि हळूहळू तिच्या जागी बसल्या. कारण उघड आहे. नवा पदार्थ झाला का, हे ठरवायला काही तरी तपासावे लागते. उलट होतो का, हे बसल्या जागी सांगता येते, निदान तसे वाटते.

हळदीचेच पाहा. हळदीचा पिवळेपणा कुर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे आहे. साबण, चुना, धुण्याचा सोडा अशा अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की कुर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, निघून जातो. जो उरतो तो वेगळा आयन आहे, त्याचा रंग लाल आहे. लिंबाच्या आम्लाने प्रोटॉन परत दिला की पुन्हा पिवळे कुर्क्युमिन. ही आम्ल आणि अल्क यांची अस्सल रासायनिक अभिक्रिया आहे आणि ती दोन्ही दिशांनी चालते. हळदीवर चुन्याची किंवा खाराची क्रिया करून कुंकू करण्याची आपल्याकडची जुनी रीत याच अभिक्रियेवर उभी आहे. मत्स्योदरी देवीच्या यात्रेत कुंकवाचे ढीग लागतात. त्यातले चिमूटभर आणून त्यावर लिंबू पिळावे. हळद-चुन्याचे असेल तर ते पिवळे पडेल. कृत्रिम रंगाचे असेल तर बहुधा लालच राहील. वर्गात दोन मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे.

दुसरे उदाहरण चुन्याचे. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हिशेब मांडायचा तर शुद्ध चुनखडीच्या 100 ग्रॅमपासून 56 ग्रॅम कळीचा चुना मिळतो, 44 ग्रॅम वायू हवेत जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसून तापतो आणि 18 ग्रॅम पाणी घेऊन 74 ग्रॅम विरलेला चुना होतो. गवंडी तो भिंतीला लावतो. भिंतीत तो हवेतला 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, 18 ग्रॅम पाणी सोडतो आणि पुन्हा 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे जुन्या वाड्यांच्या आणि बारवांच्या दगडांमधला चुना आज रासायनिक दृष्ट्या पुन्हा चुनखडीच झाला आहे. वर्तुळ पुरे झाले. जिथून निघालो तिथेच परत आलो. आता या तीन पायऱ्यांना 'उलट होतो म्हणून भौतिक' म्हणायचे काय?

याउलट ज्वारीचे पीठ घ्या. जात्यात किंवा गिरणीत दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी करून दाखवणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. फाटलेला कागद, फोडलेले लाकूड, फुटलेले मडके, यांपैकी काहीही उलट होत नाही. पण पिठात आणि दाण्यात पदार्थ तेच आहेत. म्हणजे हा मुख्यतः भौतिक बदल आहे आणि तो कायमचा आहे. तक्ता दोन्ही बाजूंनी चुकतो: रासायनिक बदल उलट फिरतात आणि भौतिक बदल फिरत नाहीत.

हे काही आजचे ज्ञान नव्हे. 1798 साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्थोले या फ्रेंच रसायनज्ञाने तिथल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून चुनखडी आणि मीठ तयार होते, हे त्याला माहीत होते. इथे तर भोवतालची चुनखडी आणि सरोवरातले मीठ यांच्यापासून सोडा तयार होताना दिसत होता, म्हणजे तीच अभिक्रिया उलट चालली होती. मीठ विपुल असेल तर अभिक्रियेची दिशा फिरू शकते, हा विचार त्याला तिथे सुचला. 1864 साली गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला गणिती रूप दिले. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात 'उत्क्रमी अभिक्रिया' आणि 'समतोल' हे धडे असतात ते यावरच. म्हणजे सातवीत आपण मुलांकडून 'रासायनिक बदल उलट होत नाही' हे घोकून घेतो आणि अकरावीत ते विसरायला सांगतो. मधल्या चार वर्षांत ज्यांनी शाळा सोडली त्यांच्याजवळ मात्र चुकीचा अर्धा भागच राहतो.

पाच खुणा आणि त्यांचे दगे

तक्त्यानंतर येतात त्या खुणा: रंग बदलणे, वास येणे, उष्णता बाहेर पडणे किंवा शोषली जाणे, वायूचे बुडबुडे येणे, साका तळाशी बसणे. या खुणा उपयोगी आहेत, हे आम्ही नाकारत नाही. वैद्य नाडी पाहतो, पण नाडी म्हणजे रोग नव्हे. खुणेवरून संशय घ्यावा, निर्णय देऊ नये.

पिकावर फवारण्यासाठी युरिया पाण्यात विरघळवला की बादली गार लागते. अंबडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला हे ठाऊक आहे. उष्णता शोषली गेली, खूण मिळाली. पण पाणी आटवले तर युरिया जसाच्या तसा मिळतो. सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात. ते दाबाखाली विरघळवलेल्या वायूचे आहेत. हिवाळ्यात तुपाचे कण तळाशी बसतात, तो साका नव्हे. काळी जमीन पहिल्या पावसाने अधिक काळी दिसते, तो ओल्या पृष्ठभागावरून प्रकाश कमी परावर्तित होण्याचा परिणाम आहे.

रंगाच्या बाबतीत आपल्या शेजारचेच एक ठळक उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर जून 2020 मध्ये एकाएकी गुलाबी झाले. पाण्यात काही तरी रासायनिक घडले असावे असा तर्क तेव्हा पुष्कळांनी केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा आढळले की हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. पाण्याची पातळी खाली गेलेली, खारटपणा वाढलेला, अशा वेळी हे जीव माजतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुना स्थिर ठेवून जीव तळाशी बसले की वरचे पाणी नितळ दिसू लागले. म्हणजे रंगद्रव्य तयार होणे ही रासायनिक गोष्ट खरी, पण ती सूक्ष्मजीवांच्या पेशीत घडली; सरोवराच्या पाण्यातल्या क्षारांची काही अभिक्रिया होऊन पाणी रंगले असे झाले नाही. 'रंग बदलला' एवढ्यावर थांबलो असतो तर हे कळलेच नसते. नमुना तपासला, म्हणून कळले.

आता उलट बाजू पाहू. एकही खूण दिसत नाही आणि रासायनिक बदल मात्र झालेला असतो, असे कुठे होते? अंबडमध्ये याचे उत्तर झाडावर लटकते आहे. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या भागात मोसंबीचा रस न प्यालेले मूल विरळा. घरोघरी सांगतात की मोसंबीचा रस काढला की लगेच प्यावा, ठेवला की कडू होतो. रंग तोच, बुडबुडे नाहीत, पेला तापत नाही, नवा साका नाही. तरी रस कडू झाला. झाले काय? अखंड फळात एक बेचव द्रव्य पेशींत वेगळे राहिलेले असते. फळ पिळले की पेशी फुटतात, ते द्रव्य रसातल्या आम्लाशी मिसळते, त्याच्या रेणूतून पाणी बाहेर पडून एक कडे मिटते आणि लिमोनिन नावाचे अतिशय कडू द्रव्य तयार होते. याला वेळ लागतो, म्हणून ताजा रस गोड आणि ठेवलेला कडू. नवा पदार्थ निःसंशय तयार झाला. साक्षीदार एकटी जीभ. आमच्या मते रासायनिक बदलाचा पाठ अंबडमध्ये लोखंडाच्या गंजापासून नव्हे, या पेल्यापासून सुरू करावा.

नवसागराची चूक

तक्त्यातली काही उदाहरणे तर सरळसरळ चुकीच्या रकान्यात बसली आहेत. संप्लवनाचे, म्हणजे घन पदार्थाचे द्रव न होता थेट वायू होण्याचे, उदाहरण म्हणून कापूर आणि आयोडीन यांच्या जोडीला नवसागर दिला जातो आणि तिन्ही 'भौतिक' ठरतात. कापराचे ठीक आहे. आयोडीनचेही ठीक. नवसागराचे तसे नाही.

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. तापल्यावर नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटित होतो. गार जागी ते दोन्ही पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात, तोच धूर. भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील नीट धरते, ते या विघटनामुळेच. 1862 साली पेबाल याने नवसागराची वाफ सच्छिद्र बुचातून झिरपू दिली. अमोनिया हलका असल्याने लवकर पलीकडे गेला, हायड्रोजन क्लोराइड मागे राहिला, आणि लिटमसने दोन्ही बाजूंचे वायू वेगवेगळे ओळखता आले. एकशे साठ वर्षांपूर्वी निकालात निघालेला हा प्रश्न आपल्या तक्त्यात अजून 'भौतिक' म्हणून उभा आहे. कारण पुन्हा तेच: परत नवसागर मिळाला ना, मग भौतिक!

याच न्यायाने गूळ किंवा साखर 'होणे' याला एक लेबल लावणेही चुकीचे आहे. अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याची चिमणी तालुक्यातल्या मुलांच्या परिचयाची आहे. ऊस चिरडणे भौतिक. रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू घालून मळी खाली बसवणे, ही आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांची रीत, रासायनिक. पाणी आटवणे भौतिक. स्फटिक पडणे भौतिक. मधल्या काळात रसाचा रंग गडद होत जातो, तो रासायनिक. गुऱ्हाळातही असेच. मुलांना 'ऊस ते साखर: कोणता बदल?' असे विचारण्यापेक्षा प्रत्येक पायरी वेगळी करून विचारावी. खऱ्या जगातले बदल असे एकमेकांत गुंतलेले असतात; तक्त्यातल्यासारखे सुटे सुटे मिळत नाहीत.

एवढे बिघडते काय?

कोणी म्हणेल, सातवीच्या मुलांना एवढे बारकावे कशाला? थोडी चूक राहिली तर काय बिघडले? बिघडते ते सांगतो.

जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवण्याची पद्धत मराठवाड्यात जुनी आहे. दाणे जिवंत असतात; ते श्वसन करतात. बंद पेवातला ऑक्सिजन ते वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दाणे तसेच दिसतात, हवा तशीच दिसते. न रंग, न बुडबुडा, न साका. पण पेव उघडताच आत उतरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो, आणि त्याला काढायला उतरलेल्याचाही. आधी कंदील सोडून पाहावा, तो विझला तर उतरू नये, ही जुन्या लोकांची शिकवण बरोबर आहे. मात्र कंदील तेवत राहिला म्हणजे धोका नाही, असे समजू नये. बायोगॅसच्या टाकीजवळ किंवा गटाराच्या चेंबरमध्ये तर ज्योत नेऊच नये. तिथला वायू पेट घेतो. पाच खुणांवर विसंबणाऱ्या मुलाला पेवात 'काही झालेले नाही' असेच दिसणार.

दुसरा धोका न्हाणीघरातला. दोन पदार्थ एकत्र केले की 'मिश्रण', आणि मिश्रण म्हणजे भौतिक, हेही मुलांच्या डोक्यात पक्के बसते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र केले की मिश्रण होत नाही, क्लोरीन वायू सुटतो. बंद जागेत तो फुप्फुसांना घातक आहे. तिसरा धोका चुन्याच्या पुडीचा. तंबाखूबरोबर मिळणारी ती मऊ पुडी मुले दाबून खेळतात, ती फुटून डोळ्यात उडते आणि बुबुळ भाजते. चुना 'थंड' झालेला असतो, तरी अल्कधर्मी असतोच. डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. रासायनिक बदल ओळखणे हा परीक्षेतला प्रश्न आहे तसा हा जिवाचाही प्रश्न आहे.

मग काय शिकवावे?

नुसती टीका करून थांबणे आम्हाला योग्य वाटत नाही. तक्ता पुसा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातली एकच ओळ ठेवा, नवा पदार्थ तयार झाला का, आणि बाकीच्या ओळींच्या जागी तीन प्रश्न लिहा. पहिला: आधी कोणते पदार्थ होते, आता कोणते आहेत? दुसरा: हे कशावरून म्हणता? तिसरा: काही बाहेर गेले किंवा बाहेरून आत आले का? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आम्हाला पुस्तकात नव्हे, मोसंबीच्या बागेत सापडते. डिंक्या आणि इतर बुरशीजन्य रोगांसाठी बागायतदार बोर्डो मिश्रण करतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. फ्रान्समधल्या बोर्दो परिसरातल्या द्राक्षबागांत मिल्यार्दे याने 1885 साली प्रसिद्ध केलेला हा उपाय. दोन द्रावणे एकत्र होताच निळसर साका बनतो. पण सगळा मोरचूद चुन्याशी जुळला की काही मोकळा राहिला? मोकळा राहिला तर पाने करपतात. म्हणून जाणता बागायतदार विळ्याचे घासलेले पाते थोडा वेळ मिश्रणात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे. चुन्याची निवळी आणखी घालावी. पाते स्वच्छ राहिले तर मिश्रण तयार.

या परीक्षेत काय काय आहे पाहा. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढते, ही दुसरी रासायनिक अभिक्रिया पहिल्या अभिक्रियेची तपासनीस म्हणून वापरली आहे. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करत नाही. आमची उपकरणे महाग असतात एवढेच. हा बागायतदार साका दिसला म्हणून समाधान मानत नाही. तो पुरावा मागतो.

वर्गात हे असे करता येईल. काचेच्या पेल्यात मोरचुदाचे थोडे द्रावण घ्यावे. मोरचूद विषारी आहे, तेव्हा द्रावण शिक्षकांनीच करावे, लोखंडी भांडे वापरू नये, नंतर हात धुवावेत. त्यात घासलेला खिळा बुडवावा, तांबूस थर सर्वांना दाखवावा. मग दुसऱ्या पेल्यातल्या द्रावणात चुन्याची निवळी थोडी थोडी घालत दर वेळी नवा खिळा बुडवून पाहावे. कोणत्या टप्प्याला खिळा स्वच्छ राहतो, ते मुलांनीच सांगावे. दुसऱ्या तासाला मीठ आणि युरिया वेगवेगळे विरघळवावेत, पाणी उन्हात आटू द्यावे आणि मागे काय राहिले ते पाहावे. तिसऱ्या तासाला हळदीचा कागद, साबण आणि लिंबू. मोसंबीच्या हंगामात एक पेला ताजा आणि एक पेला सकाळी काढून झाकून ठेवलेला, अशी चव घ्यावी. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. भौतिक आणि रासायनिक यांच्यामधली रेघ सगळीकडे ठळक नाही. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्यातले आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात. मोरचुदाचे निळे खडे तापवले की त्यांतले पाणी जाते आणि पांढरी पूड उरते, थेंबभर पाण्याने ती पुन्हा निळी होते. पहिल्याला आपण सोयीसाठी भौतिक म्हणतो, दुसऱ्याला रासायनिक म्हणणे योग्य. पण दोन्हींत बंध तुटतात आणि जुळतात. अशा जागी 'याबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येते' असे सांगणारा शिक्षक मुलांच्या नजरेत लहान होत नाही.

आणि परीक्षेचे काय? अर्धा गुण रकान्याला आणि अर्धा कारणाला, अशी वाटणी करून पाहावी. रकाना चुकला पण कारण निरीक्षणातून आले असेल तर ते कारण वाचावे. पुष्कळदा चूक उत्तरपत्रिकेत नसते, नमुना उत्तरात असते.

ती उत्तरपत्रिका आम्ही परत केली तेव्हा त्या शिक्षकांशी बोलणे झाले. त्यांनी घरून हळद आणि साबण मागवला आणि आमच्यासमोर करून पाहिले. मग बराच वेळ कागदाकडे पाहत ते म्हणाले, "परत झाला खरा; पण मधे तो दुसराच होता." रासायनिक बदलाची याहून सोपी व्याख्या आम्हाला सांगता येणार नाही. त्या मुलीचा अर्धा गुण त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर परत दिला.